साठच्या दशकातील अल्पखर्ची ब्रिटिश विज्ञानपटाविषयी मत कसे बनवावे आणि कसे लिहावे

जुना, थोडक्या पैशांत काढलेला विज्ञानपट पाहून झाल्यावर त्याच्याविषयी दोन ओळी लिहिणे फार सोपे असते. ‘यंत्रमानव पुठ्ठ्याचे वाटतात’ ही एक ओळ आणि ‘त्या काळाच्या मानाने बरा आहे’ ही दुसरी. पहिल्या ओळीत आजच्या तंत्राला सरावलेली नजर बोलत असते, दुसरीत वडीलधाऱ्यांना द्यावी तशी सवलत असते, आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय घडले ते दोन्हींत कुठेच येत नाही. मत वाचून चित्रपट न पाहिलेल्या माणसाला त्यातले काहीतरी डोळ्यांपुढे दिसले पाहिजे आणि पाहिलेल्याला तो प्रसंग पुन्हा काढून तपासावासा वाटला पाहिजे. असे मत कसे बनवावे, हे मी इथे एकाच चित्रपटाच्या आधारे सांगणार आहे. १९६४ सालचा ‘दि अर्थ डाइज स्क्रीमिंग’ (‘पृथ्वी किंचाळत मरते’) हा तो चित्रपट. दिग्दर्शन टेरेन्स फिशर यांचे, चित्रण कृष्णधवल आणि लांबी अवघी ६२ मिनिटे.

हाच चित्रपट निवडण्याचे कारण असे की त्याच्याविषयी प्रेक्षकांचे दोन तट पडलेले दिसतात. काहींना तो एक छोटा, नेटका, विसरता न येणारा भयपट वाटतो, तर काहींना नावाने मोठी आशा दाखवून निराशा करणारा प्रकार वाटतो. दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा त्याच चार-पाच गोष्टींकडे बोट दाखवतात, हे विशेष.

पाहण्यापूर्वी

आधी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. आपल्याकडे ‘बी ग्रेड’ म्हटले की सवंग, अंगप्रदर्शन करणारा, आडबाजूच्या थिएटरात सकाळच्या खेळाला लागणारा चित्रपट डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनमध्ये त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. मुख्य चित्रपटाच्या जोडीला जो तासाभराचा चित्रपट असे, त्याला दुय्यम चित्रपट म्हणत. दुय्यम हे त्याचे कार्यक्रमातले स्थान होते. त्यावरून त्याची प्रत आपोआप ठरत नसे. म्हणून अशा चित्रपटाविषयी मराठीत लिहिताना ‘बी ग्रेड’ हा शब्द मी कटाक्षाने टाळतो, कारण तो शब्द आला की वाचकाच्या मनात निकाल लागून गेलेला असतो आणि पुढचा मजकूर तो त्या निकालाच्या आधारेच वाचतो.

हा चित्रपट ब्रिटनमध्ये का निघाला, हेही थोडे जाणून घ्यावे. निर्माते रॉबर्ट लिपर्ट हे अमेरिकन होते. ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्यापासून चित्रपटगृहांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा दाखवणे भाग होते, आणि १९५७ पासून तिकिटांवरील अधिभारातून ब्रिटिश निर्मितीला पैसे देण्याची व्यवस्था कायद्याने पक्की झाली होती. ब्रिटनमध्ये, तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांना घेऊन केलेल्या निर्मितीला या दोन्हींचा लाभ मिळू शके. त्यामुळे अमेरिकन निर्माता, अमेरिकन नायक, पण गाव, हवा आणि बाकीची माणसे इंग्लंडची, अशी या चित्रपटाची घडण झाली आहे. नायकाच्या भूमिकेतील विलर्ड पार्कर त्या गावात परका का वाटतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. उरलेले निम्मे उत्तर अभिनयात शोधावे.

फिशर यांचीही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी. १९५७ आणि १९५८ साली हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीसाठी फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला यांच्यावरचे रंगीत भयपट करून त्यांनी नाव मिळवले होते. त्या चित्रपटांत गडद लाल रंग, मखमली पडदे आणि मोठे जिने होते. इथे त्यांच्या हाती रंग नाही, किल्ला नाही आणि वेळही नाही. ज्या दिग्दर्शकाला आपण भरल्या ताटावर पाहिले आहे, तो मीठ-भाकरीवर काय करतो, हे पाहण्याची संधी अशा चित्रपटात मिळते. माझ्या मते या चित्रपटाकडे जाण्याचे हे सर्वांत चांगले कारण आहे.

बाकी तयारी साधी आहे. उपलब्ध असेल ती सर्वांत स्वच्छ प्रत मिळवावी, खोलीत अंधार करावा आणि आवाज चांगला ऐकू येईल अशी व्यवस्था करावी. कृष्णधवल चित्रणातले करड्या रंगाचे थर खराब प्रतीत नाहीसे होतात आणि मग छायाचित्रकाराची मेहनत आपण त्याचाच दोष म्हणून मोजतो. मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा प्रवासात, मोबाइलच्या पडद्यावर, तीन तुकड्यांत पाहिला होता आणि त्यानंतर एका मित्रमंडळात त्याच्याविषयी जे बोललो ते या चित्रपटावर अन्याय करणारे होते. दुसऱ्यांदा घरी शांतपणे पाहिल्यावर मला ते मत मागे घ्यावे लागले, आणि त्या अनुभवातूनच या लेखातील बहुतेक सूचना निघाल्या आहेत.

पहिल्यांदा पाहताना

पहिल्यांदा चित्रपट सलग पाहावा, मध्ये थांबवू नये आणि टिपणे काढू नयेत. तासाभराचा चित्रपट एका बैठकीत पाहण्यासाठीच बेतलेला असतो. तो तोडला की त्याची लय तुटते. फक्त दोन प्रकारच्या क्षणांची मनाशी नोंद ठेवावी. आपण नकळत सावरून बसलो तो एक आणि आपले लक्ष उडाले तो दुसरा. या नोंदी प्रामाणिक असाव्यात. पुढे जे काही लिहायचे आहे, त्याचा कच्चा माल हाच आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. अज्ञात हल्ल्यात जवळपास सगळी माणसे जागच्या जागी मरून पडतात. ज्यांच्या श्वासात त्या वेळी बाहेरची हवा गेली नाही, अशी मोजकी माणसे वाचतात. जेफ नोलन हा वैमानिक त्यांपैकी एक. ही माणसे एका खेड्यात एकत्र येतात, रस्त्यावर यंत्रमानव फिरू लागतात, आणि त्यांनी मारलेली माणसे पुन्हा उठून त्यांच्या हुकमात चालू लागतात.

माझे लक्ष सर्वांत आधी खिळले ते पहिल्या काही मिनिटांत. रेल्वेगाडीचा चालक कोसळतो, गाडी आदळते, मोटार रस्ता सोडते, विमान खाली येते, फलाटावर उभा असलेला माणूस आडवा होतो. या सगळ्यात एकही संवाद नाही. त्यानंतर गावाचा रस्ता दिसतो आणि त्यावर जिथे पडली तिथेच राहिलेली माणसे दिसतात. चित्रपटाच्या नावात किंकाळी आहे, पण पृथ्वी मरते ती अगदी गुपचूप. अनेक प्रेक्षक या विसंगतीला हसतात. मला मात्र वाटते की नाव विकण्यासाठी ठेवलेले असते आणि सुरुवात दिग्दर्शकाची असते. मत द्यायचे ते त्या सुरुवातीवर द्यावे. वर्दळीचे शहर रिकामे करून दाखवायला पैसे लागतात, खेडे रिकामे करायला एक सकाळ पुरते. हा काटकसरीचा निर्णय होता हे उघड आहे, तरीही सरे परगण्यातील शीअर या गावाचे ते जुने रस्ते, ती नीटस घरे आणि त्यांच्यापुढे पडलेली माणसे यांमुळे जी अस्वस्थता येते, ती उद्ध्वस्त लंडनच्या दृश्याने आली नसती. ओळखीच्या, घरगुती जागेत काहीतरी बिघडले आहे ही भावना साठच्या दशकातील इंग्रजी विज्ञानपटांचे खरे भांडवल आहे.

दुसऱ्यांदा पाहताना

दुसऱ्यांदा हातात वही घ्यावी आणि दोन-तीन प्रसंगच निवडून ते थांबवत, मागे नेत पाहावेत. सगळा चित्रपट असा पाहण्याची गरज नसते.

मी निवडलेला प्रसंग व्हायोलेट या बाईचा आहे. वाचलेली माणसे आत आहेत आणि बाहेरच्या रस्त्यावरून अंतराळवीरासारखा जाडजूड पोशाख व शिरस्त्राण घातलेल्या आकृती चालत येतात. व्हायोलेटला वाटते की मदत आली. ती धावत बाहेर जाते. इथे प्रेक्षकाला तिच्यापेक्षा थोडे अधिक कळलेले असते, पण फार नाही. त्या आकृतीची चाल संथ आहे, ती घाई करत नाही आणि तिला घाई करण्याची गरजही नाही. नुसता हात लागतो आणि बाई कोसळते. ना प्रकाशाचा झोत, ना स्फोट. पुढे तीच बाई, बुबुळे नसलेले पांढरे डोळे घेऊन उठते आणि चालू लागते. हा परिणाम साधायला अभिनेत्री व्हांडा गॉडसेल यांचा चेहरा, डोळ्यांवरची साधी युक्ती आणि योग्य जागी ठेवलेला कॅमेरा एवढेच लागले आहे.

‘यंत्रमानव फार हळू चालतात, त्यांच्यापासून कुणीही पळून जाईल’ ही या चित्रपटावरची नेहमीची तक्रार आहे. ती तपासायची असेल तर हा प्रसंग पुन्हा पाहावा आणि स्वतःला विचारावे की आकृती वेगाने आली असती तर व्हायोलेट तिच्याकडे धावत गेली असती का. इथे संथपणा कामाचा आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे, जिथे पाठलाग आणि धोका दाखवायचा आहे, तिथे मात्र तोच संथपणा आड येतो, आणि तक्रार तिथे योग्य ठरते. एकच वैशिष्ट्य एका प्रसंगात गुण आणि दुसऱ्यात दोष असू शकते. म्हणून मत नेहमी प्रसंगाला बांधून लिहावे.

यानंतर एकदा चित्राकडे पाठ करून नुसता आवाज ऐकावा. ही सूचना विचित्र वाटेल, पण करून पाहावी. संगीत एलिझाबेथ ल्युटेन्स यांचे आहे. ब्रिटनमध्ये बारा स्वरांच्या, म्हणजे सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखाच मान देणाऱ्या, आधुनिक रचनापद्धतीत आरंभी काम करणाऱ्यांपैकी त्या एक होत्या आणि पोटापाण्यासाठी त्यांनी अनेक भयपटांना संगीत दिले. आपल्या वाचकांना त्यांचे आडनाव ओळखीचे वाटेल, कारण नवी दिल्लीचे वास्तुकार एडविन ल्युटेन्स यांच्या त्या कन्या, आणि जे. कृष्णमूर्तींचे चरित्र लिहिणाऱ्या मेरी ल्युटेन्स या त्यांच्या भगिनी. त्यांच्या संगीतात कान जिथे विसाव्याचा स्वर शोधतो तिथे तो मिळत नाही. पडद्यावर नुसता रिकामा रस्ता असतानाही आपण ताणलेले का राहतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या संगीतात आहे. प्रेक्षकांच्या मतांत संगीताचा उल्लेख फार कमी येतो, याची मला खंत वाटते.

उणीव कुणाची, हे ओळखणे

मत बनवताना सर्वांत कठीण काम म्हणजे पैशाची उणीव आणि विचाराची उणीव वेगळी करणे. पात्रे मोजकी आहेत, एकाच गावात सगळे घडते, यंत्रमानव थोडेच दिसतात, हे सारे पैशाचे. प्रायोगिक रंगमंचावर दोन खुर्च्या मांडून घर उभे केले तर मराठी प्रेक्षक ते मान्य करतो आणि नाटक पुढे ऐकतो. तोच समजूतदारपणा इथे दाखवायला हरकत नाही. पण हल्लेखोर कोण आणि त्यांना काय हवे आहे, हे चित्रपट सांगत नाही, ही पैशाची उणीव म्हणता येणार नाही. ते न सांगण्याला एक पैसा लागत नाही तसा सांगण्यालाही लागला नसता. मला हे मौन आवडते, कारण वाचलेल्या माणसांना जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते. दुसरे कुणी याला कथेतील पोकळी म्हणेल आणि तेही ग्राह्य आहे, फक्त त्याने तसे का वाटते ते सांगावे.

शेवट मात्र मला लेखनाचाच दोष वाटतो. यंत्रमानवांना हुकूम पोचवणारा प्रक्षेपणाचा मनोरा उडवला की सगळे यंत्रमानव एकदम गळून पडतात. एवढ्या शांतपणे उभी केलेली भीती एका कळीवर विसर्जित होते. इथे ‘पैसे नव्हते’ ही सबब चालत नाही, कारण मनोरा उडवायलाच पैसे लागले असतील.

काळाच्या मर्यादा हा आणखी एक वेगळा हिशेब आहे. पेगीच्या भूमिकेतील व्हर्जिनिया फील्ड यांच्याकडे बराच वेळ भिण्याखेरीज काम नाही आणि लोर्ना ही तरुण मुलगी गरोदर असणे एवढेच तिचे कथेतले कार्य आहे. हे स्पष्ट लिहावे. पण त्याच पेगीचा कपाटात लपलेला प्रसंग चित्रपटातील सर्वोत्तम तणाव निर्माण करतो, हेही त्याच परिच्छेदात यावे, नाहीतर मत अर्धवट राहते.

तुलना कुणाशी करावी

तुलना समान ताकदीच्या चित्रपटाशी करावी. १९६८ साली इंग्लंडमध्येच बनलेला, अमेरिकन पैशावर उभा राहिलेला आणि अंतराळ प्रवासाच्या चित्रणाची मोजपट्टी बदलून टाकणारा ‘२००१’ हा चित्रपट इथे मोजमापाला घेणे म्हणजे होडीला जहाजाच्या तराजूत घालणे होय. त्याऐवजी जॉन क्रिश यांनी दिग्दर्शित केलेला, १९६३ च्या सुमारास तयार झालेला ‘अनअर्थली स्ट्रेंजर’ शेजारी ठेवावा. क्रिश मूळचे माहितीपटकार. लंडनच्या शेवटच्या ट्रॅमवरचा त्यांचा लघुपट प्रसिद्ध आहे. त्यांच्या या विज्ञानपटात ना यंत्रमानव आहे, ना यान. शास्त्रज्ञाची नवी पत्नी भट्टीतून निघालेले गरम भांडे उघड्या हातांनी उचलते आणि घरी आलेला पाहुणा ते दाराआडून पाहतो. शाळेच्या मैदानाजवळ ती उभी राहते तेव्हा मुले काही न बोलता मागे सरकू लागतात. ती रडते तेव्हा अश्रूंनी तिच्या गालांवर भाजल्याच्या रेघा उमटतात. या तिन्ही गोष्टींना मिळून जवळपास काहीच खर्च आलेला नाही, आणि परक्या जिवाला प्रेम झाले तर त्याचे काय होईल, हा प्रश्न त्यांतून उभा राहतो. या चित्रपटाशी तुलना केली की फिशर यांच्या चित्रपटाचे बळ आणि मर्यादा दोन्ही नेमके दिसतात: वातावरणात तो तोडीस तोड आहे, माणसांच्या नात्यांत उणा पडतो.

तुलनेत आणखी एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ प्रेक्षक असे लिहितात की चालती प्रेते दाखवणाऱ्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या प्रसिद्ध अमेरिकन चित्रपटाला, किंवा ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत १९६६ साली अवतरलेल्या सायबरमेन या अर्ध्या माणूस, अर्ध्या यंत्र असलेल्या शत्रूंना, इथूनच कल्पना मिळाली. हा चित्रपट त्या दोहोंच्या आधीचा आहे, हे तारखांवरून सिद्ध होते. पण आधी असणे ही एक गोष्ट आणि प्रभाव पडणे ही दुसरी. आपण ‘आधी आला’ एवढेच लिहावे. ‘त्यावरून उचलले’ हे लिहायला वेगळा पुरावा लागतो.

इतरांची मते वाचताना

आपले टिपण तयार होईपर्यंत इतरांची मते वाचू नयेत. नंतर वाचावीत आणि तीही गुणांची सरासरी न पाहता वाचावीत. दहापैकी पाच ही सरासरी सगळ्यांनी पाच दिल्यामुळे येऊ शकते, किंवा निम्म्यांनी आठ आणि निम्म्यांनी दोन दिल्यामुळेही येऊ शकते. दोन्हींचा अर्थ अगदी निराळा. लिहिणारा कुठून बोलतो आहे, तेही ओळखावे. ज्याने लहानपणी रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पाहून दिवा चालू ठेवून झोप काढली, त्याच्या मतात त्या रात्रीची भीती मिसळलेली असते. ते मत खोटे नसते. पण तो आठवणीचा दाखला असतो आणि त्याला तेवढाच मान द्यावा. याउलट, कथानकातील साधा तपशीलच चुकवणाऱ्याने चित्रपट अर्धवट पाहिला असण्याची शक्यता धरावी.

आपल्या मताशी न जुळणारे एक तरी मत बाजूला काढून त्याला मनातल्या मनात उत्तर देऊन पाहावे. उत्तर देता आले नाही, तर आपले वाक्य बदलावे.

लिहिताना

पहिल्याच परिच्छेदात वर्ष, दिग्दर्शक, लांबी आणि चित्रपट कशासाठी बनला ते सांगून मोकळे व्हावे. त्यानंतर एक प्रसंग सविस्तर वर्णन करावा आणि निर्णय त्यातून काढावा. ‘छायाचित्रण उत्तम आहे’ या वाक्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘पेगी कपाटात आहे, बाहेरची चाहूल आपल्याला तिच्याबरोबरच लागते आणि कॅमेरा तिला सोडून बाहेर पळत नाही’ असे लिहिले, की छायाचित्रण हा शब्द न वापरताही ते उत्तम का आहे हे कळते. विशेषणे कमी आणि क्रियापदे जास्त, एवढा नियम पाळला तरी अर्धे काम होते.

रहस्य किती उघड करावे, हे चित्रपटागणिक ठरवावे. फिशर यांच्या चित्रपटातील पांढऱ्या डोळ्यांची माणसे अनेकांना आधीच ठाऊक असतात, त्यामुळे त्यांचा उल्लेख करायला हरकत नाही. ‘अनअर्थली स्ट्रेंजर’चा शेवट मात्र कुणालाही, कोणत्याही निमित्ताने सांगू नये, ज्याने तो अजून पाहिला नाही त्याचा तो हक्क आहे.

नावे मराठीत लिहिताना एकच लेखन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे. शेवटी, हा चित्रपट कुणी पाहावा ते नेमके सांगावे, कारण वाचक त्यासाठीच आलेला असतो. माझे उत्तर असे आहे: ज्याला आक्रमणाचे कारण, शस्त्रांची लढाई आणि पूर्ण उलगडा हवा आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याला एका रिकाम्या खेड्यातल्या रस्त्यावर, शांत सकाळी, दूरवरून कुणीतरी संथपणे चालत येताना पाहून छातीत धस्स होऊ शकते, त्याने आज रात्रीच तासभर काढावा.